लोगनची कबर उकरायला नको होती
(सुपरहिरोंचे चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओंच्या कर्त्याधर्त्यांना खुलं पत्र)

सप्रेम नमस्कार.

२६ जुलै २०२४ रोजी तुमचा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' प्रदर्शित झाला. सुरुवातीलाच एक माणूस रानातल्या एका कबरीपाशी जातो, ती उकरतो, आतला धातूचा सांगाडा बाहेर काढतो आणि चालून आलेल्या सैनिकांना त्याच सांगाड्याच्या हाडांनी मारत सुटतो. मागे नाचाचं गाणं वाजत असतं. आमच्या थिएटरात हशा पिकला होता. मी शेजारी बसलेल्या दादाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता.

ती कबर लोगनची होती, म्हणजे मुठीतून पाती बाहेर काढणाऱ्या वुल्व्हरिनची. लोगन हे त्याचंच नाव. २०१७ सालच्या 'लोगन'च्या शेवटी लॉरा नावाच्या मुलीने आणि तिच्या सोबतच्या मुलांनी तिच्यावर दगड रचले होते, डोक्याशी काटक्यांचा क्रूस रोवला होता. सगळे निघाल्यावर ती एकटी मागे राहते, क्रूस उपटते आणि तिरका करून परत ठेवते. क्रूसाचा 'एक्स' होतो, लोगन ज्यांच्यातला होता त्या एक्स-मेन या सुपरहिरोंच्या गटाची खूण. चित्रपट तिथे संपतो. त्या एका हालचालीपाशी कितीजणांचा बांध फुटला याची मोजदाद नाही, पण आमच्या रांगेत एकही कोरडा चेहरा नव्हता हे मी सांगू शकते. सात वर्षांनी त्याच जागी तुम्ही फावडं घेऊन माणूस पाठवलात. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मला विनोदाचं वावडं नाही, आणि नवा चित्रपट मी अर्ध्यातून सोडून आले नाही. शेकोटीपाशी लॉरा आणि दुसऱ्या विश्वातून आणलेला नवा वुल्व्हरिन बोलत बसतात तो प्रसंग मला मनापासून आवडला. ह्यू जॅकमनने पहिल्यांदा ही भूमिका केली २००० साली. कॉमिकमधला तो पिवळा पोशाख मोठ्या पडद्यावर त्याच्या अंगावर दिसायला चोवीस वर्षं लागली. तो दिसल्यावर ज्यांनी शिट्ट्या मारल्या त्यांचा आनंद खरा होता आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं निर्णय घेणाऱ्यांना उद्देशून आहे.

मी समीक्षक नाही. पहिला 'एक्स-मेन' आला तेव्हा शाळेत होते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने तो आधी पाहिला आणि घरी येऊन मला अख्खी गोष्ट सांगितली. मुठीतून पाती बाहेर येताना दुखतं का, असं त्यातल्या एका मुलीने विचारल्यावर वुल्व्हरिन म्हणतो, दर वेळी. हे दादाने सांगितलं आणि मी तेव्हापासून त्या माणसाची झाले. पुढचे सगळे भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिले, चांगलेही आणि फसलेलेही. जॅकमन तेव्हा एकतीस वर्षांचा होता. 'लोगन' आला तेव्हा अठ्ठेचाळीसचा. कॉमिकमधला नायक पन्नास वर्षं त्याच वयाचा राहू शकतो, कागदाला सुरकुत्या पडत नाहीत. इथे मात्र एक खराखुरा चेहरा आमच्याबरोबर मोठा होत गेला. आमच्या परीक्षा, नोकऱ्या, दादाचं लग्न, सगळं त्या सतरा वर्षांत झालं.

आणि बाबांचा आजारही.

मार्च २०१७मध्ये 'लोगन' लागला तेव्हा बाबांची स्मृती जाऊ लागून दोन वर्षं झाली होती. दादा आणि मी पाळीपाळीने त्यांच्याजवळ असायचो. त्या दिवशी मावशी येऊन बसली म्हणून आम्हाला तीन तास मोकळे मिळाले. चित्रपट कशाबद्दल आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ट्रेलर पाहिला होता, एवढंच. आत जाऊन बसलो आणि समोर काय दिसलं? जगातला सर्वांत सामर्थ्यवान मेंदू असलेला, एक्स-मेनचा गुरू चार्ल्स झेवियर नव्वदी उलटून गेलेला, आडव्या पडलेल्या पाण्याच्या टाकीत लपवून ठेवलेला, औषधं चुकवणारा, समोरच्याला कधी ओळखणारा, कधी न ओळखणारा. आणि लोगन, ज्याच्या जखमा आता भरत नाहीत, जो वाचायला चष्मा लावतो, ज्याचं एक पातं अर्ध्यातच अडकतं, तो त्या म्हाताऱ्यावर खेकसतो, गोळ्या घ्यायला लावतो आणि मग त्याला दोन्ही हातांवर उचलून जिना चढून पलंगावर नेऊन निजवतो.

दादाला बाबांना असंच उचलताना मी आदल्या रात्री पाहिलं होतं. खेकसतानाही पाहिलं होतं. खेकसल्यावर तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला राग येतो, कंटाळा येतो, आणि त्या रागाची लाज वाटते, हे कुणी आमच्याशी बोललं नव्हतं. नातेवाईक म्हणायचे, तुम्ही फार करता. डॉक्टर म्हणायचे, धीर धरा. पडद्यावर पात्यांवाला तो माणूस थकलेला, चिडलेला आणि तरीही न सोडून जाणारा दिसला तेव्हा आम्हाला पहिल्यांदा वाटलं की आपण वाईट नाही.

झेवियरला पुरताना लोगनला चार शब्द बोलायचे असतात. त्याला बोलता येत नाही. इथे पाणी आहे, एवढंच तो कसंबसं म्हणतो, आणि मग जाऊन फावड्याने आपली गाडी झोडपत राहतो. आठ महिन्यांनी बाबा गेले. जमलेल्यांनी दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांच्या खोलीत ऊन चांगलं यायचं." पुढे त्याला बोलता आलं नाही. त्या क्षणी मला तळ्याकाठचा लोगन आठवला आणि दादा जे बोलला ते पुरेसं आहे हे मला कळलं. एखाद्या चित्रपटाकडून याहून जास्त काही मागायचं नसतं.

हे सगळं तुम्हाला सांगते आहे, कारण प्रेक्षक रडले याची नोंद तुमच्याकडे फक्त गल्ल्याच्या आकड्यांत होत असावी अशी मला भीती वाटते. त्या दिवशी चित्रपट संपल्यावर कुणी उठलं नाही. सवयीमुळे सगळ्यांना वाटत होतं, श्रेयनामावलीनंतर आणखी एखादं दृश्य येईल, तो हात दगडांतून वर येईल. तसलं काही नव्हतं. दिग्दर्शक जेम्स मँगोल्ड यांनी शेवट हा शेवटच ठेवला होता. दिवे लागल्यावर आमच्या पुढच्या रांगेत एक धिप्पाड माणूस चेहरा ओंजळीत धरून बसला होता आणि त्याची दहा-बारा वर्षांची पुतणी की मुलगी त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. बाबांचे रिपोर्ट हातात घेऊनही न रडलेला माझा भाऊ त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीला टेकून रडला. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या अनोळखी माणसांनी एकमेकांकडे पाहून नुसती मान हलवली. आपल्याच घरचं कुणी गेल्यावर लोक हलवतात तशी.

आता तक्रारी.

पहिली अर्थातच त्या कबरीची. तुमचा बचाव मला माहीत आहे. कबर उकरणारा डेडपूल स्वतःच सांगतो की लोगनच्या स्मृतीचा मान राखून हे करणं जमणार नाही, आणि आम्ही ते राखणारही नाही. कबुली दिली की दोष संपतो, असा हा हिशोब आहे. माझ्या मते तो संपत नाही. आपण काय तुडवतो आहोत हे ठाऊक असताना तुडवणं हे नकळत तुडवण्यापेक्षा जास्त दुखतं. दुसरा बचाव असा की नव्या चित्रपटातला वुल्व्हरिन वेगळ्या विश्वातला आहे, आमचा लोगन मेलेलाच आहे, त्याच्या मरणाला कुणी हात लावलेला नाही. कथेच्या नियमांनुसार हे बरोबर असेल. पण प्रेक्षक कथेच्या नियमांवर रडत नाही, तो चेहऱ्यावर रडतो. तोच चेहरा, तोच आवाज, तीच पाती परत आल्यावर मनाला समांतर विश्वांचा नकाशा दाखवून काय उपयोग? आणि खरोखरच हात लावायचा नव्हता तर सांगाडा कशाला बाहेर काढलात? जिवंत वुल्व्हरिन शोधायला दुसऱ्या विश्वात जाता येत होतं. त्यासाठी मेलेल्याची हाडं शस्त्र म्हणून वापरायची गरज कथेला नव्हती. ती गंमत म्हणून ठेवली गेली.

'लोगन' चित्रपटातच लोगन लॉराच्या हातातलं एक्स-मेनचं कॉमिक पाहून चिडतो. त्याचं म्हणणं असतं की यात लिहिलंय त्यातलं थोडंसंच घडलं, आणि तेही असं नाही. खऱ्या जगात माणसं मरतात, आणि रंगीत कपडे घातलेला कुणी ते थांबवू शकत नाही. अख्खा चित्रपट या एका वाक्यासाठी उभा आहे. म्हणून तो आम्हाला खरा वाटला. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला, त्याच्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि हे नामांकन मिळवणारा तो खऱ्या नटांनी काम केलेला पहिला सुपरहिरोपट ठरला, हे सगळं त्या वाक्याच्या प्रामाणिकपणामुळेच. पैशांचंही बोलूया, कारण तुम्हाला ते लागतं. दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून त्याने साठ कोटींच्या वर कमावले. नव्या चित्रपटाने एकशे तीस कोटींच्या वर कमावले हेही खरं. पण खरा शेवट केला तर लोक येत नाहीत, असं कुणी म्हणू नये.

'लोगन' काढणारा फॉक्स स्टुडिओ मार्च २०१९मध्ये डिस्नीच्या मालकीचा झाला. घर विकत घेतल्यावर परसातलं थडगंही नव्या मालकाकडे येतं. कागदोपत्री ती जमीन त्याचीच असते. म्हणून कुणी तिथे खणायला लागत नाही.

दुसरी तक्रार 'शेवटचा' या शब्दाची. हा शब्द तुमच्या जाहिरातींत फार स्वस्त झाला आहे. ही सवय कॉमिकच्या पानांवरून आली. एक्स-मेनमधली जीन ग्रे १९८०मध्ये मेली आणि १९८६मध्ये परतली. सुपरमॅन १९९२च्या नोव्हेंबरमध्ये मेला, लोकांनी रांगा लावून तो अंक घेतला, आणि पुढच्याच वर्षी तो परत हजर झाला. खुद्द वुल्व्हरिन कॉमिकमध्ये २०१४ला गेला आणि २०१८ला आला. वाचकांनी हळूहळू शोक करणं सोडून दिलं, कुणी मेलं की ते परत कधी येणार एवढंच विचारायला लागले. चित्रपटांत हे झालं नव्हतं, कारण तिथे नटाचं शरीर असतं, त्याचं वय असतं. तुम्ही तेही आणलंत. चार्ल्स झेवियरला मी २००६मध्ये मरताना पाहिलं, २०१७मध्ये पाहिलं आणि २०२२मध्ये दुसऱ्या एका विश्वात पुन्हा पाहिलं. तिसऱ्या वेळी माझ्या मनात काहीही हललं नाही. झेवियर साकारणाऱ्या पॅट्रिक स्ट्युअर्टसारख्या नटाच्या बाबतीत असं व्हावं याचं मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं मरणाच्या दृश्याबद्दल नव्हतं.

ह्यू जॅकमनला मी दोष देत नाही. त्याने सतरा वर्षं ही भूमिका निभावली, निरोप घेतला, आणि सप्टेंबर २०२२मध्ये तो परत येत असल्याचं जाहीर झालं. नटाला मन बदलायचा हक्क आहे. एखादी भूमिका आठवत राहते आणि पुन्हा करावीशी वाटते, यात काही वाईट नाही. प्रश्न आहे तो त्या निरोपाची तिकिटं विकणाऱ्यांचा.

कबरीच्या त्या दृश्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै २०२४ला, सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात एका माणसाने मुखवटा काढला आणि आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर होता. तो आता डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत येणार. लोक आनंदाने ओरडले. मला मात्र २०१९च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मधलं ते तळं आठवलं, ज्यात डाउनीनेच साकारलेला टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेल्यावर त्याच्या छातीतला यंत्राचा तुकडा फुलांच्या चक्रावर ठेवून सोडतात. अकरा वर्षं त्या माणसाबरोबर चाललेली तरुण मुलं त्या प्रसंगाला एकमेकांना धरून रडली होती. भूमिका वेगळी आहे, मान्य. पण पडद्यावर तो चेहरा आला की तळ्यावरचं ते चक्र आम्ही कुठे ठेवायचं? सलग दोन दिवसांत दोन निरोप परत घेतले गेले. याआधी मला हे पत्र लिहायचं सुचलं नव्हतं.

तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण ती खरोखर गेलेल्या माणसांबद्दल आहे. ख्रिस्तोफर रीव्ह यांनी १९७८ ते १९८७मध्ये चार चित्रपटांत सुपरमॅन साकारला. १९९५मध्ये घोड्यावरून पडून त्यांचं शरीर मानेखाली लुळं झालं. पुढची नऊ वर्षं त्यांनी मज्जारज्जूच्या दुखापतींवरच्या संशोधनासाठी पैसा आणि लोक उभे केले, खुर्चीत बसून, श्वासयंत्र लावून. २००४मध्ये ते गेले. २०२३च्या 'द फ्लॅश'मध्ये त्यांना संगणकावर तयार करून, लाल झगा घालून, पुन्हा उभं केलं गेलं. काही सेकंदांसाठी. ते न बोलता समोर बघत राहतात आणि कॅमेरा पुढे जातो.

तो प्रसंग आदरांजली म्हणून ठेवला असेल. मला तो पाहवला नाही. ज्या माणसाने आपल्या न हलणाऱ्या शरीराशी नऊ वर्षं झुंज घेतली, त्याचं हलणारं शरीर त्याच्यामागे कुणीतरी बनवायचं आणि गर्दीच्या एका दृश्यात उभं करायचं, हे मला कोणत्याच अर्थाने बरोबर वाटत नाही. बाबांचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. आजारी पडण्यापूर्वीचा, चढ्या सुरातला, मला उशीर झाला म्हणून रागावलेला. त्या आवाजात उद्या कुणी मला नवी वाक्यं ऐकवली तर ते बाबा नसतील, आणि जे माझ्याकडे खरं उरलंय तेही मग संशयास्पद होईल.

हे टाळता येतं हे तुमच्यातल्याच लोकांनी दाखवून दिलं आहे, म्हणून ते मुद्दाम लिहिते. ब्लॅक पँथर, म्हणजे वकांडाचा राजा टीचाला, साकारणारे चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. आजार त्यांनी जगापासून लपवला होता. त्यांच्या जागी दुसरा नट घ्या, अशी मागणी बऱ्याच चाहत्यांनी केली, आणि त्या मागणीतही प्रेम होतं, कारण टीचाला हा राजा लहान मुलांना हवा होता. तरीही २०२२च्या 'वकांडा फॉरएव्हर'मध्ये तुम्ही ती खुर्ची रिकामी ठेवलीत. सुरुवातीला स्टुडिओच्या बोधचिन्हात फक्त बोसमनच्या छबी होत्या आणि त्यावर संगीत नव्हतं. ती शांतता मी थिएटरात अनुभवली आहे. शेवटी टीचालाची बहीण किनाऱ्यावर बसून शोकाचे पांढरे कपडे जाळते आणि भावाला आठवते, फक्त आठवते. चित्रपटात बाकी बरंच काही पसरलेलं होतं, पण त्या किनाऱ्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

एक लहानशी गोष्टही सांगते. 'एंडगेम'ला श्रेयनामावलीनंतर दृश्य नव्हतं. फक्त हातोड्याचे ठोके ऐकू यायचे, टोनीने गुहेत पहिलं चिलखत घडवताना मारलेले ते ठोके. काळ्या पडद्यावर नुसता आवाज. इतकं सुंदर काही मी या प्रकारच्या चित्रपटांत क्वचित ऐकलं आहे. आणि दोन महिन्यांनी, जून २०१९च्या अखेरीस, तुम्ही तोच चित्रपट पुन्हा लावलात आणि त्या ठोक्यांनंतर एक अर्धवट तयार झालेलं, कापून टाकलेलं दृश्य आणि पुढच्या चित्रपटाची झलक जोडलीत. ज्याने ते ठोके लावायचं ठरवलं असेल त्याला काय वाटलं असेल, असं मला अजूनही वाटतं.

हे पत्र तुम्हाला असलं तरी ते वाचणाऱ्या चाहत्यांशीही थोडं बोलते, कारण सगळा दोष तुमच्या माथी मारणं खरं होणार नाही. मेलेल्यांना परत आणा म्हणून सह्या आम्हीच गोळा करतो. १९८८मध्ये बॅटमनचा साथीदार जेसन टॉड जगावा की मरावा हे वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं होतं. ५,३४३ जणांनी मरावा म्हटलं, ५,२७१ जणांनी जगावा. ७२ फोनांनी एक मुलगा मेला, आणि पुढे काही वर्षांनी तोही परत आलाच. गोष्टीतलं मरण हे मतदानाने ठरायला लागलं की ते मरण राहत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. मित्रांनो, आपल्याला आवडलेला माणूस परत हवा असतो, मलाही हवा असतो. पण 'लोगन' पाहून आपण रडलो ते तो परत येणार नाही या खात्रीवर. ती खात्री मागे घेतली तर आपल्याच रडण्याला आपण खोटं पाडतो. आणि जे थिएटरात अशा वेळी मोठ्याने खिदळतात, किंवा रडणाऱ्या पुरुषाचा फोनवर व्हिडिओ काढतात, त्यांना एवढंच सांगते की तुमच्या शेजारी बसलेला माणूस कुठून आला आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

आता मागण्या, साध्या शब्दांत.

ज्या नायकाला परत आणायचा तुमचा विचार आहे, किंवा ज्याच्याबद्दल तो विचार तुम्ही सोडलेला नाही, त्याच्या चित्रपटाच्या जाहिरातीत 'शेवटचा' हा शब्द वापरू नका. 'पुढचा' म्हणा. आम्ही तरीही येऊ.

लोगनचा मृत्यू, त्याचा देह, ती कबर, तो तिरका क्रूस, यांपैकी काहीही यापुढे विनोदासाठी किंवा लढाईसाठी वापरू नका. जे झालं ते झालं. ते कापा असं मी म्हणत नाही, दुसऱ्याच्या चित्रपटाला कात्री लावा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त यापुढे नको.

जो नट हयात नाही त्याचा चेहरा किंवा आवाज, त्याने जिवंतपणी स्वतः लेखी संमती दिली नसेल तर, संगणकावर तयार करू नका. २०२३मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते आणि त्यांच्या भांडणातला एक मोठा मुद्दा हाच होता. करारात संमतीची कलमं आली. पण कलमांच्या आधी जे गेले, त्यांना सही करता येत नाही. त्यांच्यासाठी हा नियम तुम्ही आपणहून पाळा.

लॉराला तिची गोष्ट द्या. डॅफ्नी कीनने 'लोगन' केला तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती आणि अर्ध्याहून जास्त चित्रपटभर एक शब्द न बोलता तिने जॅकमनच्या तोडीस तोड काम केलं. आता ती मोठी झाली आहे. लोगनने मरताना जे मागे ठेवलं ते ही मुलगी होती. त्याला उठवून आणण्यापेक्षा तिला पुढे चालू द्या. नव्या चित्रपटात शेकोटीपाशी तिला काही मिनिटं मिळाली, तेवढ्यातही तिचा चेहरा बघत राहावा असा होता.

आणि शेवटची मागणी माझ्या स्वतःसाठी. मार्च २०२७मध्ये 'लोगन'ला दहा वर्षं पूर्ण होतात. त्या निमित्ताने तो मोठ्या पडद्यावर पुन्हा लावा, रंगीतही आणि मे २०१७मध्ये अमेरिकेत एका रात्रीपुरता थिएटरांत दाखवलेला कृष्णधवलही. त्याला काही जोडू नका. आधी कुठली झलक नको, नंतर कुठलं दृश्य नको. श्रेयनामावली पूर्ण संपेपर्यंत दिवे लावू नका.

तसं झालं तर दादा आणि मी येऊ. त्याच्या मुलाला तेव्हा हा चित्रपट पाहायचं वय झालेलं नसेल, त्यामुळे दोनच तिकिटं लागतील.

आपली,
२००० सालापासूनची एक प्रेक्षक